आत्याचे सहा चौकोन

इंग्रज हा देश सोडून गेले ते आपलं व्याकरण माझ्या आत्याच्या ताब्यात देऊन, असं आत्याला स्वतःला वाटत असे, आणि तिला ओळखणाऱ्या कुणाचीही त्यावर शंका घ्यायची हिंमत नव्हती. इंग्रज गेले तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती, नांदगावला परकर-पोलक्यात शाळेत जात होती आणि तिची एबीसीडी फार तर जीपर्यंत पोचली होती, ही माहिती माझे वडील आम्हा भावंडांना खासगीत पुरवायचे. आत्यासमोर नाही. पुढे ती टायपिंग शिकली, नाशिकच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागली आणि तीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करत राहिली. साहेब येत, बदलून जात, निवृत्त होत. त्यांचं इंग्रजी मात्र आत्याच्या टेबलावरून दुरुस्त होऊनच बाहेर पडे. एका नव्या साहेबानं पहिल्याच दिवशी सहीला आलेलं पत्र वाचून तिला विचारलं, "बाई, मी सांगितलं ते हेच का?" आत्या म्हणाली, "नाही साहेब. हे तुम्हाला म्हणायचं होतं ते." साहेबांनी मुकाट्यानं सही केली आणि पुढची चार वर्षं ते नुसतं विषय सांगून मोकळे होत.

इंग्रजीतल्या सगळ्या काळांमध्ये तिचा जीव होता तो पूर्ण वर्तमानकाळावर, म्हणजे ज्यात 'हॅव' येतं त्याच्यावर. का, ते ती कुणालाही, न विचारता, समजावून सांगे. "साधा भूतकाळ म्हणजे निकाली निघालेली फाइल. तारीख पडली, गठ्ठ्यात बांधली, संपलं. हॅव म्हणजे काम झालेलं आहे, पण फाइल अजून आपल्या टेबलावर आहे." ही समजूत तिच्या हाडात इतकी मुरली होती की ती मराठीही तशीच बोलायची. जेवलीस का विचारलं तर "जेवले" असं सुटसुटीत उत्तर कधी आलं नाही; "जेवण झालेलं आहे" असंच यायचं, आणि पाठोपाठ "नुकतंच" किंवा "केव्हाच" हेही यायचं, कारण नुसतं 'झालेलं आहे' म्हणणं तिला अर्धवट वाटे. एकदा माझ्या धाकट्या भावाच्या हातून तिचा काचेचा पेला निसटला. तो बिचारा रडवेल्या तोंडानं म्हणाला, "आत्या, पेला फुटला." आत्या खुर्चीतून न हलता म्हणाली, "फुटला म्हणत असशील तर कधी ते सांग. फुटलेला आहे म्हणत असशील तर तुकडे उचल." भावानं तुकडे उचलले. हॅवचा अर्थ आमच्या घरात त्याला सगळ्यात आधी समजला.

लग्नपत्रिका हा तिचा दुसरा व्यवसाय होता. नाशिक रोडला तेव्हा इंग्रजी पत्रिका छापायची टूम निघाली होती. अशी पत्रिका आत्याच्या हाती पडली की ती आधी लाल-निळ्या पेन्सिलीनं तपासायची आणि मग लग्नाला जाताना आहेराच्या पाकिटात घालून परत द्यायची. वधूपित्याला वाटे काही विशेष आहेर आहे. उघडून बघतो तर आपल्याच मुलीचं नाव सोडून सगळ्यावर लाल रेघा. माणसं दुखावली जात, पण दुसऱ्या मुलीच्या वेळी छापायच्या आधीच मजकूर घेऊन तिच्याकडे येत. माणूस तिच्याशी बोलत असला की तिची बोटं मांडीवर त्याचं बोलणं टाइप करत असायची. एखादा फारच पाल्हाळ लावू लागला तर ती मधेच अंगठा आपटून पूर्णविराम देई. त्या अंगठ्याचा आवाज आमच्या सबंध नातेवाईकांत ओळखीचा होता.

निवृत्त झाल्यावर कचेरीतला जुना, भंगारात निघालेला टाइपरायटर तिनं घरी आणला आणि आमच्या घरामागच्या गल्लीत, आपल्या दोन खोल्यांपुढच्या ओट्यावर, इंग्रजीचा वर्ग उघडला. दहावीची मुलं यायची. मीही जायचे, म्हणजे मला पाठवलं जायचं. ओट्यावर कडप्प्याचा लांब कट्टा होता. त्यावर आत्यानं पांढऱ्या ऑइलपेंटनं सहा चौकोन आखून घेतले होते. तिच्या वर्गात वाक्य फळ्यावर लिहायचं नसे, वाक्य बसायचं. पहिल्या चौकोनात कर्ता, दुसऱ्यात हॅव, तिसऱ्यात ऑलरेडी, जस्ट, नेव्हर, ऑलवेज यांच्यापैकी कुणीतरी एक, चौथ्यात क्रियापद, पाचव्यात 'टु' आणि सहाव्यात 'टु'चं क्रियापद. पाचव्या आणि सहाव्या चौकोनांच्या मध्ये तिनं रेघ मारली नव्हती. "टु आणि त्याचं क्रियापद म्हणजे नवंकोरं जोडपं. मध्ये सासूलासुद्धा बसू द्यायचं नाही," असं ती बजावायची. 'यट'ला कट्ट्यावर जागाच नव्हती. त्यानं शेवटच्या पायरीवर बसून वाक्य संपायची वाट बघायची. अशी मुलं बसली की आत्या डावीकडून उजवीकडे चालत जाई आणि प्रत्येकानं आपापला शब्द मोठ्यानं म्हणायचा. "दि ऑफिस. हॅज. ऑलरेडी. डिसायडेड. टु. कन्सिडर." कार्यालयाने विचार करण्याचे आधीच ठरवले आहे. गल्लीतून जाणारा भाजीवाला हे ऐकून थांबायचा आणि कार्यालयानं पुढे काय ठरवलं असं विचारायचा. आत्या म्हणायची, "अजून विचार चालू आहे."

आता यातली खरी गंमत, आणि पुढे ज्यापायी सगळं रामायण घडलं ती गोष्ट, अशी की प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी एकच शब्द मिळायचा. कचेरीत जसं ज्याचं टेबल त्याचं, आवक-जावकवाल्यानं पगारबिलाला हात लावायचा नाही, तसंच. शब्द तोंडी मिळत नसे. रीतसर टाइप केलेला नेमणुकीचा आदेश हातात पडायचा: "आपली 'नेव्हर' या पदावर नेमणूक करण्यात येत आहे." हा माझा आदेश. मी कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणते, असं कारण आत्यानं माझ्या वडिलांना दिलं होतं. रोज उशिरा येणाऱ्या सुनीलला 'यट' मिळालं. मी बदलीसाठी अर्ज केला, मला 'ऑलवेज' हवं होतं. अर्ज 'विचाराधीन' असा शेरा मारून परत आला आणि वर्ष संपेपर्यंत विचाराधीनच राहिला. कुणी गैरहजर असला तर त्याचा शब्द रजेवर जाई. मला ताप आला की आत्या वर्गाला सांगायची, "आज नेव्हर रजेवर आहे, तेव्हा होकारार्थी वाक्यं घेऊ." एकट्या हॅवला मात्र रजा नव्हती, कारण हॅव आलं नाही तर वर्गच भरू शकत नव्हता. म्हणून ते पद आत्यानं वर्गातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाला दिलं होतं. तिचं नाव विमल.

विमलताई आमच्यासारखी शाळकरी नव्हती. चौतिशीची, लासलगावकडची, नाशिक रोडच्या एका प्रसूतिगृहात आया होती. नवरा कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्यामुळे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. विमलताईची दहावी इंग्रजीच्या एकाच विषयावर अडली होती. आधी सोळाव्या वर्षी, मग लग्नानंतर दोनदा. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. त्याला दहावी पास हवी होती आणि पस्तिशीची अट होती. म्हणजे मार्चची एक परीक्षा आणि ती हुकली तर ऑक्टोबरची, एवढंच तिच्या हातात होतं. त्यानंतर जन्मभर लोकांची बाळं पुसायची, सुई मात्र दुसरीनं धरायची. नऊ वर्षं ती डॉक्टरांच्या हाताशी उभी राहिली होती. बाळंतिणीच्या नुसत्या तोंडाकडे बघून अजून किती वेळ आहे ते ती सांगायची आणि शिकलेल्या नर्सेस घड्याळ बघून तिचंच ऐकायच्या. ड्यूटी संपवून ती थेट वर्गात यायची, साडीला डेटॉलचा वास, आणि दुसऱ्या चौकोनात बसायची. पाऊस असो, सणवार असो, हॅव हजर. "आत्या, माझ्यापायी वर्ग बंद नाय पडायचा," असं ती म्हणाली होती आणि तो कधी पडलाही नाही.

मार्चची परीक्षा झाली. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी आत्याचा एक रिवाज असे: पेपर सुटला की सगळ्यांनी तडक ओट्यावर यायचं आणि जे लिहिलं ते तसंच्या तसं पुन्हा कागदावर उतरवायचं. त्या दुपारी आम्ही सगळे माना खाली घालून उतरवत होतो. शाळेत इंग्रजीचे सर होते, घरी गाइड होतं, त्यामुळे आम्हा पोरांचं तसं निभावलं होतं. नाही म्हणायला मी निबंधात गरज नसताना सात वेळा नेव्हर घातलं होतं आणि सुनीलनं प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक यट बसवलं होतं. विमलताईचा कागद मात्र आत्यानं हातात घेतला आणि ती उभीच राहिली. सुंदर, गोल अक्षर. प्रत्येक वाक्यात हॅव आपल्या जागी, जिथे हॅज हवं तिथे हॅज, एकही चूक नाही. आणि प्रत्येक हॅवपुढे कोरी जागा. एक बोट जागा, मग पुन्हा एक बोट, मग पूर्णविराम.

"विमल, इथे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"तिथं तुमची भाची बसती ना," विमलताई म्हणाली. "आणि पल्याड तो डिसायडेडवाला." मग आत्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हलक्या आवाजात पुढे विचारलं, "लय बरा गेला पेपर, आत्या. एक बी हॅव चुकवलं नाय. जागा सोडायची नव्हती का?"

कुणी हसलं नाही. आजवर हा किस्सा मी कितीतरी जणांना सांगितला आहे आणि ऐकणारा या ठिकाणी हमखास हसतो, मीही हसते; पण त्या दुपारी ओट्यावर कुणीच हसलं नाही. आमच्या बाकीच्यांच्या लक्षात आलं त्याआधीच आत्याच्या लक्षात आलं होतं. आठ महिने ती बाई रोज आली, रोज तिनं आपला शब्द अचूक म्हटला, आणि शेजारच्या चौकोनातलं काही शिकायला तिला कुणी सांगितलंच नाही. उलट दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. आत्यानं कागदाची घडी केली, "जा आता, दमलेली आहेस," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. तिला असं दार लोटताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइपरायटरचा आवाज आला. आमच्या प्रत्येकाच्या हातात एकेक आदेश पडला. त्यात लिहिलं होतं, "सर्व नेमणुका या आदेशान्वये रद्द करण्यात आलेल्या आहेत. झालेली चूक सर्वस्वी कार्यालयाची आहे, कर्मचाऱ्याची नाही." विमलताईची प्रत घेऊन आत्या स्वतः तिच्या खोलीवर गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. साहेबांच्या घरच्या हळदीकुंकवालासुद्धा न जाणारी माझी आत्या विमलताईच्या पलंगाच्या कडेला अवघडून बसली आणि तिनं तो आदेश वाचून दाखवला. विमलताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू द्या आत्या. आया तर आया. माझ्या डोक्यातच नाय ते." जूनमध्ये निकाल लागला तेव्हा तिला एकोणतीस मार्क होते. तोवर तिनं ड्यूटीही बदलून घेतली होती, दुपारी दोन ते रात्री दहा, म्हणजे वर्गाला यायचा प्रश्नच मिटला.

पण आत्याच्या टेबलावरून फाइल अशी सहजासहजी हलत नसे. जुलैपासून ती रोज दुपारी चार वाजता, भेटायच्या वेळेत, प्रसूतिगृहात जाऊ लागली. हातात पिशवी, पिशवीत थर्मास आणि लाल-निळी पेन्सिल. पहिल्या दिवसापासून मीही बरोबर होते, अकरावीचं कॉलेज अजून सुरू व्हायचं होतं म्हणून. बाळंतिणींच्या खोलीत आत्यानं इकडची तिकडची सहा स्टुलं गोळा केली, भिंतीला लावून ओळीनं मांडली, शेवटची दोन एकमेकांना चिकटवली आणि विमलताईला म्हणाली, "आता तू एकटीनं बसायचं. सगळ्यांवर."

"सगळ्यांवर कशी बसू?"

"एकेक करून. उठायचं, सरकायचं, शब्द म्हणायचा, पुन्हा उठायचं."

विमलताई चहाच्या पंधरा मिनिटांच्या सुटीत हातातला ट्रे खाली ठेवून पहिल्या स्टुलावर बसली. आत्या म्हणाली, "दि ऑफिस." विमलताई म्हणाली, "दि ऑफिस." उठली, सरकली, "हॅज" म्हणाली, ते मात्र खणखणीत, उठली, सरकली आणि तिसऱ्या स्टुलावर गप्प बसली. तिथे ती आयुष्यात कधी बसली नव्हती. आत्यानं सांगितलं, तिनं म्हटलं, पुढे सरकली, पुन्हा गप्प. तीन दिवस हे असंच चाललं. चौथ्या दिवशी ती दुसऱ्याच स्टुलावर थांबली आणि म्हणाली, "आत्या, रागावू नका. पण या ऑफिसचं मला काय करायचंय? मी ऑफिस पाहिलेलंबी नाय. मला माझं काय सांगायचं असलं तर कुठं बसायचं?"

आत्यापाशी तीस वर्षांचा वाक्यांचा साठा होता. कार्यालय विचार करत होतं, समिती भेटायला नकार देत नव्हती, अर्ज पुढे पाठवण्यात आलेले होते. पण त्यात एकही वाक्य कुणा माणसाचं स्वतःचं नव्हतं. मला वाटतं हे तिला त्या क्षणी, त्या खोलीत, आठ बाळंतिणींच्या देखत कळलं असावं. तिनं विचारलं, "तुझं काय सांगायचंय?" विमलताई जराशी लाजली. मग म्हणाली, "हेच, की मला पहिल्यापासून नर्स व्हायचं हाय."

"पहिल्या स्टुलावर जा," आत्या म्हणाली. "तू स्वतः आहेस तर आय म्हण."

"आय," विमलताई म्हणाली. सरकली. "हॅव." पुढे सरकली आणि आत्याकडे बघितलं. "पहिल्यापासून, नेहमी," आत्या म्हणाली, "ते इथे बसतं, हॅवच्या शेजारी." "ऑलवेज," विमलताई म्हणाली. "वॉन्टेड." शेवटच्या दोन स्टुलांवर ती अर्धी अर्धी बसली, कारण त्यांच्यामध्ये कुणाला जागा द्यायची नव्हती. "टु बी." आणि मग स्टुलं संपली तरी तिचं वाक्य संपलं नव्हतं, म्हणून ती उठून उभी राहिली आणि उभ्यानंच म्हणाली, "अ नर्स." खिडकीजवळच्या खाटेवरची एक बाई, पेठकडची असावी, दोन दिवसांच्या मुलीला छातीशी धरून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पुन्यांदा म्हना ना."

त्या दिवसापासून प्रसूतिगृहात इंग्रजीची साथच पसरली. बाळंतिणी आपापली वाक्यं करून मागू लागल्या. एकीला सांगायचं होतं की आपण आत्ताच झोपायचं ठरवलं आहे, कृपा करून कुणी भेटायला येऊ नये. दुसरीला सांगायचं होतं की नवऱ्यानं अजून तोंड दाखवलेलं नाही, तेव्हा पायरीवरच्या यटची पुन्हा नेमणूक झाली. मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा राउंडला आल्या तर त्यांची आया स्टुलावरून स्टुलावर सरकते आहे आणि आठही खाटांवरून "टु फीड, टु फीड" असा गजर चाललेला. त्या दारातच थांबल्या, ऐकलं, आणि आत्याला म्हणाल्या, "तुमचं झालं की मग मी येते." आत्या रोज येत राहिली, ऑक्टोबरपर्यंत, एकही खाडा न करता. पेन्सिल पिशवीतून फारशी बाहेर निघत नव्हती. चार दिवसांनी एक बाळंतीण घरी जायची आणि तिच्या जागी नवी यायची, तेव्हा विमलताईला पुन्हा पहिल्यापासून सगळं नव्या बाईला समजावून सांगावं लागायचं. मला वाटतं ती त्यातच शिकली.

ऑक्टोबरच्या पेपरनंतर ती ओट्यावर आली. आत्यानं कागद पुढे केला नाही. तिला तो पुन्हा लिहून घ्यायची हिंमत झाली नसावी. विमलताईनंच कागद मागून घेतला, कट्ट्यावर कुठल्याही चौकोनाचा विचार न करता बसली आणि लिहू लागली. आत्या तेवढा वेळ गल्लीत फेऱ्या मारत होती. कागद परत आला तेव्हा त्यात चुका होत्या, पुष्कळ होत्या, पण कोरी जागा एकही नव्हती. निकालात तिला त्रेचाळीस मार्क मिळाले. मी पुढे बारावीला इंग्रजीत याच्या दुप्पट मार्क मिळवले तेव्हा आत्या "बरं झालेलं आहे" एवढंच म्हणाली. विमलताईच्या त्रेचाळीसना तिनं गल्लीत पेढे वाटले, भाजीवाल्यालाही दिले.

नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करायचा होता. छापील फॉर्मसोबत आपली माहिती देणारं एक पत्र जोडायचं होतं. ते मराठीत चालणार होतं, आत्यानं तसं सांगितलंही. विमलताई म्हणाली, "इंग्रजीत द्यायचं. मी सांगते, तुम्ही टाइप करा." जानेवारीतली रविवारची सकाळ होती. आत्यानं टाइपरायटर ओट्यावर आणला, साडीचा पदर खोचला, कोरा कागद चढवला. खाली कार्बन आणि दुसरा कागद. मग क्षणभर थांबून तिनं आणखी एक कार्बन आणि तिसरा कागद घातला. मी विचारलं, "एक नक्कल पुरे ना?" ती म्हणाली, "तू गप्प बस."

पाच ओळींच्या पत्राला पाऊण तास लागला. विमलताई डोळे मिटायची, ओठांत काहीतरी जुळवायची, मग एकेक शब्द सांगायची, आणि आत्या ज्या अदबीनं साहेबांपुढे थांबत असेल त्याच अदबीनं थांबायची. आपल्या वयाचं लिहिलं. मग आपण या दवाखान्यात नऊ वर्षं काम केलं आहे. आपण कधी उशिरा आलेलो नाही. आपल्याला नेहमीच नर्स व्हायचं होतं. एके ठिकाणी शब्द चुकला, मला कळला, म्हणजे आत्याला कळलाच असणार. तीस वर्षं साहेबांच्या तोंडचं वाक्य बदलणाऱ्या आत्यानं किल्ल्यांवरची बोटं वर धरली आणि विचारलं, "असंच लिहू?" विमलताईनं विचार केला, शब्द स्वतःच बदलला आणि म्हणाली, "आता लिहा." सगळ्यात शेवटी तिनं एक वाक्य सांगितलं, न थांबता, एका दमात: "आय हॅव लर्न्ड टु राइट धिस लेटर मायसेल्फ."

आत्यानं ते टाइप केलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "आणखी काही?"

"नाय आत्या. झालं."

विमलताईला प्रवेश मिळाला. दीड वर्ष ती प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी राहिली, परत आली, आणि पुढे ग्रामीण आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून लागली. आत्याच्या वर्गाचं मात्र पुढे कठीण झालं. दोन हजारनंतर नाशिक रोडला गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. पोरं लहानपणापासून फाडफाड बोलू लागली, त्यांना हॅवच्या शेजारी कोण बसतं याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. एका वर्षी आठ मुलं, पुढच्या वर्षी तीन, मग एकही नाही. कट्ट्यावरचा रंग उडाला. आत्याचे गुडघे गेले, डोळे गेले, आणि टायपिंगची बोटं संधिवातानं वाकडी झाली. मी लग्न होऊन पुण्याला गेले होते. आले की तिच्यापाशी बसायचे. तिनं तक्रार कधी केली नाही, पण संध्याकाळी वर्गाची वेळ झाली की ती गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायची. ते मला बघवत नसे.

अशाच एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आत्या, इतक्या पोरांना शिकवलंस, इतक्या साहेबांची पत्रं लिहिलीस. मला वाईट वाटतं, कुणी फिरकतसुद्धा नाही." तिनं उशीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं घडीवर फिकट झालेली, खाली विमलताईची गोल सही.

"तीस वर्षांत हजारो पत्रं टाइप केली," आत्या म्हणाली. "सगळ्यांच्या नकला फाइलला लावल्या. स्वतःजवळ ठेवावं असं वाटलं ते हे एकच."

मी चहा टाकते म्हणून आत गेले. मला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. बाहेर फाटक वाजलं. कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका मुलीचा चाचरत आवाज आला, "इंग्रजी शिकवणाऱ्या आत्या इथंच राहतात का? मला विमलसिस्टरनी पाठवलंय. मी त्यांच्या केंद्रावर आया आहे." चहा मी तीन कपांचा केला.